अनवाणी साळू

चैत्री पौर्णिमेला चिंचणीच्या किनाऱ्यावर भर दुपारी उधाण लागतं. पाणी सुरूच्या झाडांच्या मुळाशी आलं की चुरींच्या घरातल्या बायका एकमेकींना सांगत, आता ओहोटीला सहा तास. हनुमान जयंतीचं कीर्तन त्या घरी चारला उभं राहायचं, आणि वामनबुवा सफाळेकर आख्यान असं रंगवत आणत की आख्यानातली साळू घोडी शर्यतीत खडकाला वळसा घालायची तेव्हा बाहेर खरोखरचा समुद्रही मागे हटून वाळू उघडी पडलेली असायची. सव्वीस वर्षांत बुवांचा हा बेत एकदाही चुकला नव्हता. ज्यांना कीर्तनाची गोडी आहे त्यांना ठाऊक असेल, असा बेत घड्याळ बघून जमत नाही.

धाकटी सून प्रेमला मात्र त्या दिवशी सकाळपासून समुद्राकडे बघत नव्हती. ती सुंठवडा कुटत होती, आणि खलबत्त्यावर तिचा हात जरा जास्तच जोरात पडत होता.

"सुंठेनं काय केलंय तुझं?" मंजुळा म्हणाली. प्रेमलाची ही नणंद आदल्या दिवशी केळव्याहून आली होती आणि भिंतीला टेकून खोबरं किसत होती.

"काय नाय, वन्सं. विचार करतेय. यंदा हार कोणाच्या गळ्यात पडायचा?"

"दरवर्षी पडतो त्याच्याच. दादाच्या."

"यंदाचा शेवटचा हाय. बुवांचे डोळे गेले. पुढल्या वर्षी सफाळ्याहून कोण आणणार त्यांना? तेच बोलले."

"मग शेवटचा दादाच्या गळ्यात पडेल. घोडीवर तो बसला होता, प्रेमला. मी बांधावर उभी राहून बघितलाय."

"बसले होते. ते कुठं नाय म्हणतेय मी?" प्रेमलाने बत्ता खाली ठेवला. "पण बसून घोडी जिंकते का? मुंबईच्या शेटजींचा तो सुलतान महालक्ष्मीच्या मैदानावर पळून आलेला. आपली साळू बोईसरच्या स्टेशनावरनं माणसं वाहणारं तट्टू. तिला काय पंख फुटले? अनवाणी होती म्हणून जिंकली. सुलतानाचे लोखंडी नाल ओल्या खडकावर घसरले, साळूचे उघडे खूर धरून राहिले. सगळ्या गावाला पाठ हाय. मग तिला अनवाणी ठेवली कोणी? यांनी. माझ्या नवऱ्यानं."

"असं कमळ्या म्हणतो."

"ते खोटं बोलत नाय कधी."

मंजुळाने खोबऱ्याची वाटी फिरवली आणि किसायला लागली. घरातली गोष्ट अशी होती की घोडीचे नाल काढण्याची अक्कल दिनानाथची. वडिलांनी, म्हणजे बाबा चुरींनी, बुवांना तसंच सांगितलं होतं, बुवांनी ते आख्यानात गुंफलं, आणि गेल्या सव्वीस जयंत्यांना कीर्तन संपल्यावर बुवा आपल्या गळ्यातला हार काढून दिनानाथला घालत आले होते. धाकटा कमलाकांत, ज्याने त्या घोडीची लीद काढली, तिला पहाटे समुद्राच्या पाण्यातून चालवली, तो दरवर्षी दाराच्या चौकटीला टेकून बघत उभा असायचा. प्रेमला लग्न होऊन आली ती त्या चौकटीपाशीच. एकोणीस वर्षं ती नवऱ्याचं ते टेकणं बघत होती.

तिने दूध तापवलं, पेल्यात वेलची घातली आणि पडवीतल्या खोलीकडे गेली.

वामनबुवा कॉटवर बसून हातानेच उपरण्याच्या घड्या मोडत होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"धाकटी सून. पेल्याची वाफ लागली. ये."

तिने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बोलणं संपल्यावर त्यांनी दुधाचा घोट घेतला.

"मला तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं ते मी गातो, पोरी."

"सासऱ्यांना थोरल्यांनी सांगितलं."

"मग दिनानाथला बोलावून विचारू."

"नको बुवा. कोणी आपला हार आपल्या तोंडानं देईल का?"

"आणि कमलाकांत स्वतः का नाही मागत?"

"त्यांना मागता येत नाय. एवढंच वाईट हाय त्यांच्यात." तिचा आवाज ओला झाला तसा तिने पदर तोंडाशी नेला. "घरात पहिली भाकरी थोरल्यांची, आरतीचं ताम्हण थोरल्यांच्या हातात, वाडीतलं पहिलं केळं थोरल्यांच्या पोरांना. एका दिवशी, एकदाच, यांचं नाव तुमच्या तोंडून यावं. देवासमोर."

बुवांनी पेला हातात फिरवला. माणूस फार मवाळ. ज्याने आयुष्यभर भक्तांची रडगाणी देवाच्या कानी घातली, त्याला एका सुनेचं रडणं कसं परतवता येईल?

"एक बसला, एकाने विचार केला," ते म्हणाले. "दोघांचीही नावं घेतो. हार धाकट्याला. जा आता, डोळे पूस."

प्रेमला रिकामा पेला घेऊन बाहेर पडली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू वत्सलाने माजघरातून पाहिलं.

वत्सला घरातली थोरली सून. प्रेमलाच्या हसण्याचा तिला चांगला परिचय होता. नवं लुगडं, भावाकडून आलेली आंब्याची पाटी, पोराचा वर्गात पहिला नंबर, एवढ्यांनाच ते हसू यायचं, आणि प्रत्येक वेळी वत्सलाला ते खुपायचं.

"बुवांना काय सांगितलंस?"

"दूध दिलं."

"दूध पाजायला पाऊण तास? घास भरवलास का?"

"भरवला असता. आपल्याच घरी आलेत."

"माझ्याशी तिरकं बोलू नकोस, प्रेमला. हाराचं बोललीस ना? तुझा नवरा तेव्हा सोळा वर्षांचा. मिसरूड फुटलं नव्हतं."

"लीद काढायला मिसरूड लागत नाय, वहिनी."

वत्सलाने हातातलं सूप आपटलं. ती मागच्या दाराने बाहेर पडली.

हा हार तिच्या लेखी फुलांचा नव्हता. सत्तावीस वर्षांपूर्वी तिचे वडील केळव्याजवळच्या माहीमहून ती शर्यत बघायला मुद्दाम आले होते. बाबा चुरींनी स्थळ सांगितलं होतं, पण टांगेवाल्याच्या घरात मुलगी द्यायला वडिलांचा जीव होत नव्हता. "पोरगं काय दमाचं हाय ते वाळूवर बघू," असं बोलून ते आले. म्हणून तर बाबांनी आयत्या वेळी हलक्या अंगाच्या कमलाकांतऐवजी दिनानाथला घोडीवर बसवलं. साळू जिंकली, आणि वडिलांनी तिथेच किनाऱ्यावर बाबांच्या हातात नारळ दिला. वत्सला दरवर्षी आख्यान ऐकायची ती स्वतःच्या लग्नाची गोष्ट म्हणून. बुवा दिनानाथच्या गळ्यात हार घालत तेव्हा तिला वाटायचं, आपल्या निवडीवर देवाने पुन्हा एकदा हात ठेवला.

दिनानाथ मागच्या अंगणात रिकाम्या तबेल्यापाशी आंब्याच्या डहाळ्या सुतळीत ओवत होता. टांगा त्याने माघात विकला होता. तारापूरच्या अणुशक्तीच्या कामापायी रस्त्यावर ट्रक आणि एसट्या इतक्या झाल्या की घोडं बुजायचं.

"तुमच्या भावजयीनं बुवांचे कान भरले. हार आज भावजींना."

"मिळू दे."

"मिळू दे काय? काय चुकतंय तुमचं म्हणून?" ती जवळ गेली. "नाल काढायचं डोकं तुमचंच ना?"

दिनानाथने डहाळी ओवली. मग दुसरी.

"मी विचारतेय."

"जुने नाल झिजले होते, चार दिवस आधीच उतरवले. नवे त्या सकाळी मारायचे होते. ते मारायचे राहिले. एवढंच."

"राहिले म्हणजे? कोणामुळे?"

"तोरणाचं हे टोक धर जरा."

तिने धरलं. नवरा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, अशी दोघं मांडवापर्यंत चालत गेली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वत्सलाला वाटलं की आपल्याच गोष्टीतलं काहीतरी आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

चारला मांडव भरला. वाडीतली माणसं, बाजारपेठेतले दोन-तीन दुकानदार, पुढ्यात मासळीच्या टोपल्या रिकाम्या करून आलेल्या बायका. पेटी लागली, तबल्यावर हातोडी फिरली. बुवांना दिनानाथने कोपराला धरून व्यासपीठावर आणलं, त्यांच्या हातात चिपळ्या दिल्या. नामाचा पहिला गजर झाला तेव्हा बुवांचा आवाज थरथरत होता. तिसऱ्या आवर्तनाला तो सत्तर वर्षांचा राहिला नाही. पूर्वरंगात त्यांनी दास्यभक्ती सांगितली. मध्यंतरात दिनानाथने त्यांना बुक्का लावला, मोगऱ्याचा हार घातला. मग आख्यान.

कमलाकांत चौकटीला टेकला होता. जेवताना प्रेमला एवढंच बोलली होती, "आज आत येऊन बसा. शेवटपर्यंत ऐका." तो आत गेला नाही. बायको खूश असली की त्याला कसली तरी भीती वाटायची.

"पाणी ओसरलेलं," बुवा सांगत होते, "वाळू अशी घट्ट की पावलाचा ठसा उमटत नाही. इकडे सुलतान. काळाभोर, मानेला बाक, अंगावर रेशमी झूल. तिकडे आपली साळू. पोट सुटलेलं, शेपटीला गोचिडं. सगळा किनारा सुलतानाचा. साळूच्या बाजूला कोण? टांगेवाले चार, आणि या आमच्या मासळीवाल्या माउल्या. त्या म्हणाल्या, ओझं ओढणारीची जात आमची, आमी हिच्याच."

बायका हसल्या. त्यांतल्या एकदोघी खरोखरच तेव्हा तिथे होत्या.

"जाताना सुलतान पन्नास हात पुढे. दिनानाथच्या डोळ्यात वाळू. पण वळण कुठे? खडकावर. बावटा शेवाळलेल्या खडकावर रोवलेला. सुलतान वळला आणि लोखंड घसरलं. चारी पाय चार दिशांना. मागून साळू आली. उघडे खूर. तिने खडक असा धरला जसं लेकरू आईचं बोट धरतं." बुवांनी चिपळी वाजवली आणि थांबले. मांडवही थांबला. दरवर्षी इथे 'धन्य दिनानाथ' यायचं.

"आजवर मी अर्धीच गोष्ट सांगितली, मंडळी. बसणारा एक होता. पण ते खूर उघडे कोणी ठेवले? घोडीला रोज पाण्यातून फिरवणाऱ्या एका पोराने. तिचे पाय त्याच्या हाताला ठाऊक होते. खडक ठाऊक होता. भाऊ जिंकावा म्हणून त्याने ही युक्ती केली, आणि सत्तावीस वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाही. याला दास्य म्हणायचं. धन्य कमलाकांत."

सगळी तोंडं चौकटीकडे वळली. कमलाकांतला वाटलं, आता आपल्याला आनंद होईल. त्याने वाट पाहिली.

भाऊ जिंकावा म्हणून. हे शब्द त्याने बायकोला कधी सांगितले नव्हते. 'साळूला मी अनवाणी ठेवली,' एवढंच तो म्हणायचा, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणता म्हणता त्याला स्वतःलाही तेवढंच आठवायला लागलं होतं. आता बाकीचं आठवलं. आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, घोडीवर दिनू बसेल, सोयरे येतायत. रात्रभर तो जागा होता. उजाडताना तो बोईसरच्या रस्त्याला पळत गेला, आणि नाल मारायला निघालेल्या रामकिसनला वाटेत गाठून म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, शर्यत रद्द. परत जा." बिननालाची घोडी लंगडेल, दादा हरेल, तेही सोयऱ्यांसमोर. त्याला एवढंच हवं होतं. खडक त्याच्या मनातही आला नव्हता.

दिनानाथ बुवांना कोपराला धरून त्याच्याच दिशेने आणत होता. बुवांनी गळ्यातला हार काढून दोन्ही हातांवर धरला होता. प्रेमला बायकांच्या पुढे येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं इतकी ती सुंदर दिसत होती.

एवढं सोपं होतं. मान खाली घालायची.

"थांबा, बुवा," कमलाकांत म्हणाला.

"लाजू नकोस रे."

"लाजत नाय. ती युक्ती नव्हती. रामकिसनला मी खोटं सांगून परत पाठवला. साळू हरावी म्हणून. दादा हरावा म्हणून."

तबलजीचा हात तबल्यावर पडला आणि एकच अर्धवट बोल निघाला. प्रेमला मागे सरली. बायकांत कुजबुज सुरू झाली, ती मंजुळाने नुसत्या बघण्याने बंद केली.

दिनानाथने बुवांचं कोपर सोडलं नव्हतं. "माहीत हाय मला," तो म्हणाला.

"काय माहीत हाय?"

"रामकिसन मला फाट्यावर भेटला होता. त्याच सकाळी. म्हणाला, छोटे भैया लौटा दिये."

"मग त्याला माघारी का नाय आणलास? वेळ होता."

"आणला असता तर बाबांनी विचारलं असतं, परत कोणी पाठवला. त्या महिन्यात तू एकदा चाबूक खाल्ला होतास. पाठ भरली नव्हती तुझी." दिनानाथ आवाज न चढवता बोलत होता, जणू टांग्याचं भाडं सांगतोय. "मी बाबांना सांगितलं, नाल मीच नको म्हटले. वाटलं, हरू. दहा लोक हसतील. पण साळूनं भलतंच केलं, आणि मग सगळे मलाच हुशार म्हणायला लागले. आता काय सांगणार होतो?"

बुवा हार धरून उभे होते. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठ हसत होते. असं त्यांचं फक्त आरतीच्या वेळी व्हायचं. "मग रे बाबांनो, हा मी कोणाला घालू?"

"त्यालाच घाला," दिनानाथ म्हणाला. "सव्वीस मी घातले. एकही माझा नव्हता. यानं निदान खरं बोलून कमावलाय."

कमलाकांतने मागे सरायला बघितलं, पण मागे चौकट होती. हार त्याच्या गळ्यात पडला. बायकांपैकी कोणीतरी नामाचा गजर सुरू केला आणि सगळा मांडव त्यात मिसळला.

आरती झाली, सुंठवडा वाटला गेला. उजेड असतानाच पंगतीची तयारी सुरू झाली. स्वयंपाकघरात वत्सला भाताचं पातेलं उतरवत होती. दिनानाथ पाणी प्यायला आत आला तसं तिने पातेलं दाणकन ठेवलं.

"हरायला तयार होतात."

"काय?"

"माझे वडील तिथं उभे होते. हरला असतात तर ते उठून माहीमला गेले असते, आणि माझं लग्न त्या वसईच्या बिजवराशी झालं असतं. ठाऊक होतं ना तुमाला?"

"तुला तेव्हा मी पाहिलीही नव्हती, वत्सला."

"म्हणून भावाच्या पाठीपायी मला वाऱ्यावर सोडलंत."

दिनानाथ तांब्या हातात घेऊन उभा राहिला. मग पाणी प्यायचं विसरून तो तसाच बाहेर गेला. प्रेमला चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की काय म्हणून वत्सला वाकली, तर ती रडतच होती.

"मी काय तोंड दाखवू, वहिनी? मीच बुवांना जाऊन..."

"मला काय विचारतेस," वत्सला म्हणाली, आणि तिच्या शेजारी खाली बसली. "तुझा निदान तुझ्याशी खोटं बोलला ते चांगलं दिसण्यासाठी. माझ्यानं मला हिशोबातच धरलं नाय." मग तिने प्रेमलापुढे मिठाची वाटी सरकवली. "आमटी अळणी हाय तुझी. घाल."

बाहेर कमलाकांत केळीची पानं पुसत बसला होता. हार अजून गळ्यात होता. काढायचा कसा आणि ठेवायचा कुठे ते त्याला सुचत नव्हतं. मंजुळा पाण्याची कळशी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

"बरं वाटतंय का?"

"नाय, ताई." त्याने एक पान पुसून बाजूला ठेवलं. "इतकी वर्षं हाराचा हेवा करत होतो. तो मिळाला. आता वाटतं, सत्तावीस वर्षं दादा गप्प कसा राहिला? मला नसतं जमलं. ते बघून पुन्हा तसंच आत पेटतंय."

मंजुळाने पुसलेलं पान उलटं करून बघितलं.

"तुझ्याआधी चार वर्षं मी जन्मलेय," ती म्हणाली. "तेव्हापासून जळतेय दादावर. सवय होते. चल, पानं मांड, माणसं खोळंबलीत."